लाल पानापासून हिरव्या पानापर्यंत

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी स्थापन झाले, तेव्हा मराठीत छापली जाणारी पुस्तके एका ठिकाणी जमा व्हावीत आणि पुढच्या पिढ्यांसाठी टिकावीत, हा त्यामागचा हेतू होता. संस्थापकांमध्ये अग्रभागी असलेले विनायक लक्ष्मण भावे (१८७१–१९२६) स्वतः जुन्या काव्याच्या हस्तलिखितांचे साक्षेपी संग्राहक होते. १८९८ साली लहान स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वत’ या ग्रंथाची, नवनवी साधने हाती येत गेल्यामुळे, १९१९ मध्ये बरीच मोठी आवृत्ती निघाली आणि भाव्यांच्या मृत्यूनंतर शं. गो. तुळपुळे यांनी त्याला पुरवणी जोडली. एका माणसाने आरंभ करावा, त्याला सापडेल तेवढे मांडावे आणि पुढच्याने त्यात भर घालावी, चुका दाखवाव्यात, ही ज्ञाननिर्मितीची रीत मराठीला नवी नाही. नवे आहे ते इतकेच, की पूर्वी दोन विद्वानांच्या दरम्यान काही दशकांच्या अंतराने घडणारी ही देवाणघेवाण आता कल्याणची विद्यार्थिनी आणि डोंबिवलीचा निवृत्त लिपिक यांच्यात एकाच आठवड्यात घडू शकते.

या संग्रहालयातील अनेक जुनी पुस्तके आता स्कॅन होऊन इंटरनेटवर उपलब्ध झाली आहेत आणि त्यांच्या पहिल्या पानांवर ‘मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाणे’ या नावाबरोबर ‘स्थळप्रत’ असा शिक्का दिसतो. स्थळप्रत म्हणजे बाहेर न नेता तेथेच बसून वाचायची प्रत. ज्या प्रतीसाठी वाचकाला ठाण्याला यावे लागत असे, ती आता कोठूनही उघडता येते, ही गोष्ट मोठीच आहे. पण स्कॅन केलेले पुस्तक हे प्रत्यक्षात पानांचे छायाचित्रच असते. त्यात एखादा शब्द शोधता येत नाही, त्यातला उतारा उचलून घेता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकासाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्रालाही ते मुकेच राहते. छायाचित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा टंकलिखित मजकूर करून देणारे प्रकाशीय अक्षरवाचन, म्हणजे ओसीआर, आता देवनागरीसाठीही चांगले काम करते, तरी शंभर वर्षांपूर्वीचे झिजलेले खिळे, पिवळा पडलेला कागद आणि पुसट शाई यांपुढे ते अडखळते. ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, रफार आणि अनुस्वार गळून जातात आणि पानाच्या मध्यावरचा शिक्काही मजकुरात मिसळतो.

येथे माणसांची गरज लागते, आणि सामूहिक अध्ययन नावाच्या गोष्टीचे ठाणे-कल्याण परिसराला सर्वांत जवळचे उदाहरणही येथेच सापडते. विकिस्रोत हा विकिपीडियाचाच एक सहप्रकल्प असून, प्रताधिकारातून मुक्त झालेली पुस्तके शुद्ध मजकुराच्या रूपात सर्वांना उपलब्ध करून देणे हे त्याचे काम आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो, त्यामुळे १९२६ साली निवर्तलेल्या भाव्यांचे किंवा १९३७ साली निवर्तलेल्या ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांचे लेखन आज कोणालाही मुक्तपणे वापरता येते. विकिस्रोतावर पुस्तकाचे प्रत्येक पान दोन भागांत दिसते. एका बाजूला मूळ पानाचे चित्र, दुसऱ्या बाजूला यंत्राने ओळखलेला सदोष मजकूर. नुसता यंत्राचा मजकूर असलेले पान लाल रंगाने दर्शवले जाते. कोणी एक सदस्य तो मजकूर चित्राशी अक्षरशः ताडून दुरुस्त करतो, तेव्हा ते पान पिवळे होते. त्यानंतर दुसरा सदस्य ते पुन्हा तपासतो आणि त्यालाही ते निर्दोष वाटले, तरच ते हिरवे होते. पान पिवळे करणाऱ्या सदस्याला तेच पान हिरवे करता येत नाही, अशी व्यवस्था त्या प्रणालीतच करून ठेवलेली आहे.

वरवर किरकोळ वाटणाऱ्या या एका अटीत सामूहिक शिक्षणाचे मर्म आहे. एकट्याने केलेले मुद्रितशोधन ही हमाली ठरू शकते; पण आपल्यामागून कोणीतरी अनोळखी माणूस तेच पान काळजीपूर्वक पाहणार आहे, ही जाणीव असली की दुरुस्ती करणारा प्रत्येक निर्णयाचे कारण शोधू लागतो. उदाहरणार्थ, जुन्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘करूं’, ‘त्यांनीं’ अशी रूपे पदोपदी येतात. नवखा विद्यार्थी ती चुकीची समजून अनुस्वार काढून टाकतो. तपासणारा ते परत घालतो आणि का घातले ते लिहितो. त्या दोन ओळींच्या संवादातून विद्यार्थ्याला कळते, की हे अनुच्चारित अनुस्वार व्याकरणाच्या आणि व्युत्पत्तीच्या आधारावर दिले जात, की मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये लागू झाल्यावर ते वगळले गेले आणि म्हणून जुन्या पुस्तकाची विश्वासू प्रत करताना ते जसेच्या तसे ठेवावे लागतात. व्याकरणाच्या तासाला हीच माहिती एक परिच्छेद म्हणून सांगितली, तर ती परीक्षेपुरती लक्षात राहते. येथे ती एका निर्णयाचा भाग म्हणून येते आणि पुढच्या शंभर पानांवर तिचा उपयोग करावा लागतो.

शिक्षणशास्त्रात या प्रकाराचा विचार दीर्घकाळ झालेला आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की (१८९६–१९३४) यांनी असे मांडले, की मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, या दोहोंमधल्या अंतरातच खरे शिकणे घडते. शिक्षणतज्ज्ञ सीमोर पेपर्ट यांनी त्यापुढे जाऊन सांगितले, की इतरांना पाहता, वापरता आणि तपासता येईल अशी काही वस्तू घडवताना माणूस सर्वांत चांगले शिकतो. ती वस्तू वाळूचा किल्ला असेल, संगणकाचा प्रोग्रॅम असेल किंवा लेख असेल. कॅनडातील टोरांटो येथील मार्लीन स्कार्डमालिया आणि कार्ल बेरायटर यांनी १९८०च्या दशकापासून वर्गातील मुलांसाठी अशी संगणकीय व्यवस्था विकसित केली, की ज्यात प्रत्येक विद्यार्थ्याची टिपणे सर्वांना दिसतात, त्यांवर इतरांना प्रश्न विचारता येतात आणि एकाच्या कल्पनेवर दुसऱ्याला पुढची कल्पना रचता येते. त्यांचा मूळ आग्रह असा, की वर्गाचे काम प्रत्येकाच्या डोक्यात माहिती भरणे एवढेच नसून सर्वांच्या मालकीचे असे ज्ञान घडवणे आणि ते सुधारत राहणे हेही आहे.

मात्र एकत्र लिहिलेला मजकूर आपोआप विश्वसनीय होतो, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल, आणि याचा धडा मराठी वाङ्मयाच्या इतिहासातच आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती शतकानुशतके हाताने उतरवल्या जात होत्या आणि उतरवणारे त्यात कळत-नकळत बदल करत होते. कोठे शब्द बदलला, कोठे नवी ओवी घुसली, आणि कोणी काय बदलले याची नोंद कोठेच नव्हती. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, संत एकनाथांनी उपलब्ध प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी त्यात स्वतःची ओवी घालू नये, असे बजावून ठेवले. खुल्या मजकुराचा धोका त्यांनी नेमका ओळखला होता. आजच्या विकीप्रणालीने त्या धोक्यावर दुसरा उपाय शोधला आहे. बदल करण्याची मुभा सर्वांना आहे, पण प्रत्येक बदल कोणी, केव्हा केला आणि आधी काय लिहिलेले होते, याची नोंद ‘इतिहास’ या पानावर कायम राहते आणि कोणतीही जुनी आवृत्ती एका क्षणात परत आणता येते. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली, जानेवारी २००१ मध्ये इंग्रजी विकिपीडिया अवतरला आणि १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. सदस्यांनी तिथल्या सार्वजनिक चर्चेच्या जागेला ‘चावडी’ आणि सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ ही नावे दिली, त्यामुळे नवख्या माणसालाही तेथे परके वाटत नाही.

मराठी विकिपीडियावर ठाणे जिल्ह्याविषयी लिहिताना सामूहिक तपासणी काय शिकवू शकते, हे अंबरनाथच्या शिवमंदिराच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. हे मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले, अशी आख्यायिका परिसरातल्या बहुतेक मुलांनी ऐकलेली असते आणि मुले निबंधात तेच लिहितात. विकिपीडियावर हे विधान आले, की कोणीतरी त्याला आधार मागतो, आणि आधार शोधू लागल्यावर मंदिरातल्या शिलालेखापर्यंत जावे लागते. त्या शिलालेखात शिलाहार राजा माम्वाणीचा उल्लेख असून त्यातला शक आज ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, मानला जातो. गंमत अशी, की हा आकडाही प्रथमपासून सर्वमान्य नव्हता. आधी तो ७८२ असा वाचला गेला होता आणि भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२ असा वाचल्यानंतर मंदिराचा काळ दोनशे वर्षांनी पुढे आला. म्हणजे विद्यार्थ्याने पांडवांची कथा लेखातून पुसून टाकायची नसते. ती ‘स्थानिक आख्यायिका’ म्हणून तिच्या जागी ठेवायची असते, शिलालेख पुरावा म्हणून मांडायचा असतो आणि त्या पुराव्याच्या वाचनातही मतभेद झाला होता, हे नोंदवायचे असते. कथा, पुरावा आणि पुराव्याचा अर्थ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतिहासाच्या अभ्यासातले पायाभूत भान शाळेतल्या पाठ्यपुस्तकापेक्षा या एका परिच्छेदाच्या लेखनातून अधिक पक्के होते.

अशा कामासाठी या परिसरात साधनांची वानवा नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८२ साली प्रसिद्ध झालेला तेरावा खंड ठाणे जिल्ह्याला वाहिलेला आहे आणि त्यात शेती, मिठागरे, जमीनधारा, जाती-जमाती आणि व्यापार यांची तपशीलवार माहिती आहे; अर्थात ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीने लिहिलेली असल्यामुळे तिच्यातली विधानेही पारखूनच घ्यावी लागतात. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून उभे आहे. डोंबिवलीत पुस्तकांच्या आदानप्रदानाचे सोहळे भरतात आणि त्यांना गर्दीही होते. वाचणाऱ्यांची ही मोठी फळी आहे. तिच्यातल्या थोड्यांनी जरी वाचनाबरोबर नोंदीचे आणि तपासणीचे काम अंगावर घेतले, तरी मराठी विकिपीडियावर जिल्ह्यातल्या गावांवर जे एकाच साच्यात ओतलेले, लोकसंख्येपलीकडे फारसे काही न सांगणारे लेख आहेत, त्यांना गावाचे स्वतःचे रूप येईल. मुरबाड, शहापूर आणि भिवंडी तालुक्यांतील गावांसाठी ही निकड विशेष आहे. राज्य मराठी विकास संस्थेने विकिपीडिया लेखनाच्या कार्यशाळा घेतल्या, हे स्वागतार्हच आहे. पण एका दिवसाच्या कार्यशाळेत खाते उघडणे आणि एखादी ओळ लिहिणे एवढेच साधते. आपल्या लेखावर आलेला आक्षेप पचवणे आणि त्याला पुराव्याने उत्तर देणे हे त्यानंतरच्या महिन्यांत शिकावे लागते, आणि नेमक्या त्याच काळात नवखा सदस्य एकटा पडून काम सोडून देतो. वाचनालयांनी आठवड्यातून एक संध्याकाळ अशा सदस्यांसाठी राखून ठेवली, तर ही गळती बरीच थांबेल.

पक्षिनिरीक्षणाच्या क्षेत्रात मात्र या परिसराने बरीच मजल मारली आहे. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. खाडीवर, येऊरच्या जंगलात, डोंबिवलीजवळच्या निळजे तलावावर हौशी निरीक्षक पहाटे जातात आणि ई-बर्ड नावाच्या प्रणालीवर आपली यादी नोंदवतात. या यादीत कोणते पक्षी दिसले एवढेच लिहून भागत नाही. कोठे, किती वाजता, किती वेळ आणि किती अंतर चालून पाहिले, तसेच ओळखता आलेले सर्व पक्षी नोंदवले आहेत का, हेही सांगावे लागते. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो, कारण यादी पूर्ण असेल तरच तिच्यात नसलेला पक्षी त्या वेळी दिसला नव्हता, असे म्हणता येते, आणि न दिसण्याच्या अशा हजारो नोंदींवरूनच एखादी जात घटत असल्याचे कळते. एखादी संख्या किंवा जात त्या ठिकाणासाठी असाधारण वाटली, तर प्रणाली ती बाजूला काढते आणि स्वयंसेवक परीक्षक निरीक्षकाला तपशील विचारतो. मोठा रोहित (फ्लेमिंगो) आणि लहान रोहित यांच्यात गल्लत करणाऱ्या नवशिक्याला तेथे समजते, की मोठ्याची चोच गुलाबी असून तिचे फक्त टोक काळे असते, तर लहानाची चोच जवळजवळ पूर्ण गडद असते. पुढच्या वेळी तो दुर्बीण आधी चोचीवर रोखतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला आणि त्यासाठी सुमारे ३०,००० निरीक्षकांनी केलेल्या ३ कोटींहून अधिक नोंदी वापरल्या गेल्या. इतक्या मोठ्या देशातल्या पक्ष्यांची पगारी कर्मचाऱ्यांकडून अशी मोजणी करून घेणे कोणत्याही संस्थेच्या आवाक्याबाहेरचे होते.

शाळा-महाविद्यालयांत मात्र ‘प्रकल्प’ या नावाखाली बहुधा याच्या उलट घडते. स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळणारी चित्रे चिकटवून, इंटरनेटवरचा मजकूर उतरवून वही पूर्ण होते, शिक्षक त्यावर सही करतात आणि ती वही पुन्हा कोणीही उघडत नाही. गटात चार विद्यार्थ्यांची नावे असली, तरी काम एकाचेच असते. सामायिक दस्तऐवजावर काम करून घेतले, तर ही पळवाट बरीच बंद होते, कारण कोणी कोणते वाक्य लिहिले, कोणी आधार जोडला आणि कोणी दुसऱ्याची चूक दाखवली, हे शिक्षकाला इतिहासाच्या पानावर दिसते आणि गुण केवळ अंतिम मजकुराला न देता त्यामागच्या कष्टांना देता येतात. यासाठी शिक्षकाला जास्त वेळ लागतो, हे खरे आहे, आणि साठ-सत्तर मुलांच्या वर्गात हा वेळ कोठून आणायचा, हा प्रश्न प्रामाणिक आहे. चार-चारांच्या गटांनी एकमेकांचे काम तपासावे आणि शिक्षकाने वादाच्या जागाच पाहाव्यात, हा त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग दिसतो. प्रश्न टाकताच सफाईदार उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता मुलांच्या हातात आल्यामुळे तर हे अधिकच गरजेचे झाले आहे. त्या उत्तराला लेखनाचा इतिहास नसतो, त्यातला प्रत्येक निर्णय कोणी व का घेतला, हे विचारायची सोय नसते. म्हणून ते उत्तर चर्चेचा आरंभ म्हणून वर्गासमोर ठेवून त्यातले प्रत्येक विधान मुलांकडून पडताळून घेणे, हाच त्याचा शैक्षणिक उपयोग आहे.

या सर्व व्यवस्थांना एक मोठी मर्यादा आहे आणि ती ठाणे-कल्याण परिसरात तीव्रतेने जाणवते. विकिपीडियाला प्रकाशित आधार लागतो, विकिस्रोताला छापील पुस्तक लागते. पण येथील आगरी, कोळी आणि आदिवासी समाजांचे पुष्कळसे ज्ञान छापले गेलेलेच नाही. भरतीच्या पाण्याला बांध घालून खाजणात भातशेती कशी केली जाई, खाडीत डोल जाळे कोठे आणि कोणत्या भरतीला लावावे, लग्नातल्या धवल्यांत, म्हणजे विवाहगीतांत, कोणते क्रम असतात, हे सांगणारी माणसे अजून हयात आहेत, मात्र त्यांच्या शेतांच्या जागी घोडबंदर रस्त्यावर आणि कल्याण-शीळ मार्गावर उंच इमारती झाल्या आहेत आणि ओढ्यांची, बांधांची, टेकाडांची जुनी नावे नकाशावरून जात आहेत. पुराव्याचा नियम शिथिल करणे हा यावर उपाय नाही, कारण तो नियम गेला तर उरलेलेही विश्वासपात्र राहणार नाही. मौखिक ज्ञान ध्वनिमुद्रित करून मुक्त संग्रहात ठेवणे, त्याचे बोलीतच लिप्यंतर करणे आणि ओपनस्ट्रीटमॅपसारख्या सर्वांनी मिळून बनवलेल्या नकाशावर जुनी स्थलनामे नोंदवणे, हा उपाय आहे. भोपर, काटई, हेदुटणे यांसारख्या गावांतील अनेक नातवंडे आज महाविद्यालयांत शिकतात आणि त्यांना आजीची बोलीही कळते, प्रणालीही कळते. एकाने ध्वनिमुद्रण करावे, दुसऱ्याने ते ऐकून लिहावे, तिसऱ्याने लिहिलेले आजीला वाचून दाखवून दुरुस्त करून घ्यावे, असे हे काम आहे, आणि त्यात शेवटची तपासणी करण्याचा अधिकार बोलणाऱ्या व्यक्तीचाच असला पाहिजे. ध्वनिमुद्रण सर्वांसाठी खुले करण्याआधी तिची संमती घ्यावी, कोणते गाणे किंवा कोणता विधी बाहेर जाऊ नये असे तिला वाटते, ते विचारावे आणि तिची इच्छा असेल तर माहिती देणारी म्हणून तिचेच नाव नोंदीवर घालावे.